मामा ‘सोड’ म्हणाला तेव्हा

माझा मामा जन्मभर लोकांची कपाटं उचलत आला. त्यामुळे कोणाच्याही घरी गेला की तो आधी सोफ्याकडे बघतो आणि मग माणसांकडे. एकदा ताप आला म्हणून मी त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले जीभ दाखवा, तर हा जीभ बाहेर काढून त्यांच्या टेबलाकडे टक लावून बसला. जीभ आत गेल्यावर पहिलं वाक्य काय, तर "डॉक्टर, हे टेबल या दारातून आत आलं कसं?" डॉक्टरही बिचारे उठले. बाहेर रांगेत माणसं खोकत होती आणि आत हे दोघं वितीने दाराची चौकट मोजत होते. शेवटी टेबलाचे पाय सुटे होतात हे निघालं आणि मामाच्या जिवाला शांतता मिळाली. ताप तिथल्या तिथे उतरला असं तो सांगतो. मी गोळ्यांना श्रेय देते.

दिसायला मामा ठेंगणा, मान जवळजवळ नाहीच, आणि डावा खांदा उजव्याहून चांगलाच खाली. इतकी वर्षं त्याच खांद्यावर ओझं घेतल्यावर दुसरं काय होणार. त्याचे शर्ट शिंपीणकाकू शिवायच्या. अंगात घातल्यावर शर्ट सरळ दिसावा म्हणून त्या डावी बाजू मुद्दाम आखूड ठेवायच्या. तोच शर्ट दोरीवर वाळत घातला की तिरपा दिसायचा, आणि गल्लीत नवीन आलेली माणसं काकूंच्या शिवणकामाबद्दल कुजबुजायची. काकू म्हणायच्या, "माणसाला माप असतं, दोरीला नसतं."

मामाच्या कामातली एक गोष्ट समजून घ्यावी लागते. जिन्यावरून जड वस्तू उतरवताना एक जण वरच्या बाजूला असतो आणि दोघं खालच्या. सगळा भार खालच्यांच्या अंगावर, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त लाकूड नाहीतर पत्रा. पाऊल कुठे पडतंय, वळण कधी येतंय, काही कळत नाही. दिसतं ते वरच्याला. म्हणून वरचा सांगणार आणि खालचे करणार. शब्दही चारच: धर, टेक, वळव, सोड. यापलीकडे कामावर बोलायचं नाही, आणि शब्द कानावर पडला की का म्हणून विचारायचं नाही, कारण विचारेपर्यंत कोणाचं तरी बोट चेपलेलं असतं.

मामा आमचा वरचा. आणि मामाचाही एक वरचा होता.

"अगं, आपण सगळे खालचे," तो मला सांगायचा. "आपल्याला नुसता पत्रा दिसतो. सगळा जिना तो बघतोय. तो सांगेल तसं पाऊल टाकायचं, बस." हे तो कशावरूनही म्हणायचा. टेम्पो पंक्चर झाला तरी, घरमालक तावातावाने भांडायला आला तरी, अगदी चहात साखर पडली नाही तरी. साखरेचा वरच्याशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. "असेल त्याला माझी शुगर दिसत," म्हणाला आणि तो बेचव चहा मिटक्या मारत प्यायला.

त्याची आणि वरच्याची ओळख गाद्यांच्या गोदामात झाली. तरुणपणी मामा तिथे हमाल होता. एका शनिवारी काम संपता संपता गाद्यांची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली. मालकाला पत्ता नाही, तो कुलूप लावून घरी गेला. गाद्याच त्या, लागलं काही नाही, पण हातपाय हलेनात, आणि सोमवारपर्यंत तिकडे काळं कुत्रं फिरकणार नव्हतं. मामाने घसा फोडून ओरडून पाहिलं, रडून पाहिलं, मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि अगदीच हात टेकल्यावर म्हणाला, "बरं बाबा, आता तूच बघ." एवढं म्हणून चक्क झोपला. मऊ तर होतंच. जाग आली ती मालकाच्या बायकोच्या किंकाळीने. ती विसरलेली छत्री न्यायला आली होती, आणि गाद्यांच्या ढिगातून कोणीतरी घोरत होतं.

यातून मामाला असं समजलं की आपलं ओरडून संपलं की त्याचं काम सुरू होतं. मला असं समजलं की ती बाई छत्री विसरली हे बरं झालं. यावरून आमचं भांडण कैक वर्षं चालू आहे.

मी मामाचा टेम्पो चालवते. माझं देवाशी वैर नाही, पण उतारावर ब्रेक कुरकुरत असताना शेजारी डोळे मिटून गालातल्या गालात हसणारा माणूस बसला की माझं डोकं फिरतं. आमच्याबरोबर आणखी दोघं. एक पैलवान, काडीइतका बारीक, पण फ्रीज पाठीवर घेऊन शिट्टी वाजवत जिना उतरणारा. दुसरा रेडिओ. त्याचं तोंड सकाळी सुरू होतं ते बंद होत नाही, आणि या घरातली बातमी त्या घरात पोचवणं हे तो आपलं कर्तव्य समजतो. खांद्यावर ओझं आलं तरच तो गप्प बसतो, म्हणून ओझं शक्यतो आम्ही त्यालाच देतो.

कपाटांना ओरखडे पडू नयेत म्हणून आम्ही ज्या जाड गोधड्या गुंडाळतो, त्याही शिंपीणकाकूंच्याच हातच्या. शर्ट-झग्यांतून उरलेल्या चिंध्या जोडून त्या शिवायच्या आणि मामाने कितीही पैसे पुढे केले तरी चहावर भागवायच्या. मग एक दिवस काकूंच्या किडन्यांनी राजीनामा दिला. हा शब्दही काकूंचाच. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, आणि मी त्यांना टेम्पोतून न्यायला-आणायला लागले. राहायला चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. पुढे पुढे त्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसून श्वास गोळा करायच्या आणि मला म्हणायच्या, "तू हो पुढे, मी जरा खिडकीतून गंमत बघते." गंमत कसली, त्यांचे ओठ निळे पडलेले असायचे.

नवी किडनी मिळावी म्हणून हॉस्पिटलात नाव घातलेलं होतं. त्याला इतके दिवस झाले होते की त्याबद्दल बोलणंही बंद झालं होतं. एकटा मामा दर खेपेला टेम्पोच्या खिडकीतून डोकं आत घालून म्हणायचा, "मिळेल वहिनी. वरचा बघतोय." मला या वाक्याचा मनापासून राग यायचा. काकूंचं शरीर आता फार काळ हे सोसणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी मामाला म्हटलं, "असा शब्द देत जाऊ नकोस. डॉक्टरही देत नाहीत." तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा डोकं आत घालून तेच म्हणाला.

चार मजले झेपेनात म्हणून काकूंनी आणि त्यांच्या यजमानांनी मागच्या गल्लीत तळमजल्यावरची एक खोली घेतली. यजमान म्हणजे आमचे कंडक्टरकाका. बसमधून रिटायर झाले, पण बस त्यांच्यातून झाली नाही. सामान हलवायचं काम अर्थातच आमचं.

सकाळ अगदी मजेत गेली. शिलाई मशीन उतरलं, पलंग उतरला, खुर्च्या उतरल्या. काका जिन्यात उभे राहून प्रत्येक खुर्चीला "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणत होते. काकू वर एका स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. शेवटी राहिलं लोखंडी कपाट.

काकूंनी गळ्यातली टेप कपाटाला लावली आणि म्हणाल्या, "हे वळायचं नाही."

"वर आलं तेव्हा वळलंच असेल ना वहिनी," मामा म्हणाला.

"तेव्हा जिन्याला कठडा नव्हता. हा नंतर बसवलाय. तुमचा रेडिओ पडला होता ना इथून, तेव्हा."

रेडिओ म्हणाला, ही बातमी त्याच्या कानावर आलेली नाही.

चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो, तिथे खाटेएवढी सपाट जागा आहे आणि समोर रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी. कपाट उभं करून तिथे वळवायचं ठरलं. पैलवान आणि रेडिओ खालच्या बाजूने कपाट खांद्यावर तोलून होते. मामा वर. मी मामाच्या शेजारी पट्टा धरून. कपाटाच्या कमरेला बांधलेला हा जाड पट्टा मागून खेचून धरायचा, म्हणजे कपाट तोंडावर कोलमडत नाही. सपाट जागा दोन पायऱ्यांवर आली, मामा "वळव" म्हणाला, कपाट वळलं, कर्रकन आवाज झाला आणि थांबलं. डोकं वरच्या तुळईखाली, एक बाजू भिंतीत, दुसरी कठड्यात, आणि पाय अधांतरी. बाटलीला बूच बसावं तसं सगळ्या जिन्याला ते कपाट बसलं.

"धर," मामा म्हणाला. खालच्यांनी धरलं. वर उचलून पाहिलं, हलेना. सोडायची सोय नव्हती, कारण सोडलं तर कपाट या दोघांना घेऊन खिडकीतून थेट रस्त्यावर जाणार, हे उघड दिसत होतं. रेडिओचे पाय लटपटायला लागले तसा तो खालच्या मजल्यांकडे बघून ओरडला, "अहो, कोणीतरी खांदा द्यायला या."

वरून काकूंचा आवाज आला, "अजून आहे मी. खांदा कसला देताय?"

सगळा जिना हसला. आणि नेमका तेव्हा कंडक्टरकाकांचा फोन वाजला.

काकांनी फोन कानाला लावला, दोनदा "हो" म्हणाले आणि जमिनीवर बसले. मला वाटलं चक्कर आली. त्यांनी फोन छातीशी धरला आणि बायकोकडे बघत म्हणाले, "किडनी मिळालीये. आत्ताच्या आत्ता निघा म्हणतात. बाराच्या आत पोचलो नाही तर पुढच्या पेशंटला देतील."

काकूंनी गळ्यातली टेप काढून गुंडाळली. मग म्हणाल्या, "कोणाची असेल हो ती?" कोणाच्या तरी घरात त्या सकाळी रडारड चालू असणार, हे सगळ्यांनाच कळलं होतं. मग त्या उठल्या, हॉस्पिटलची पिशवी खांद्याला अडकवली, जिन्यापाशी आल्या आणि समोर कपाटाची पाठ बघून थांबल्या.

मी मामाकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. इतके दिवस ज्याची वाट बघायला तो सांगत होता ते दारात आलं होतं, आणि दारात त्याने स्वतःच्या हाताने कपाट लावून ठेवलं होतं.

मग जो गोंधळ सुरू झाला तो काय सांगावा. कपाटाच्या डोक्याशी एका कोपऱ्यात फट होती, त्यातून काकूंनी आधी पिशवी पलीकडे टाकली. "ती तरी पोचेल वेळेवर," म्हणाल्या. अग्निशमन दलाला फोन लावला. ते दूर कुठेतरी आग विझवत होते, ती विझली की येतो म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी खालून ओरडून सांगितलं की साबण लावा. काकांनी साबणाच्या पाण्याची बादलीच ओतली. कपाट ढिम्म, पण पाणी पैलवानाच्या कॉलरमधून आत शिरलं आणि तो गुदगुल्या झाल्यासारखा हसायला लागला, तसं कपाटही थरथरायला लागलं. आम्ही सगळे ओरडलो, हसू नकोस. त्याला आणखीच हसू आलं. पत्रा कापणारा माणूस दुपारी उठतो अशी माहिती रेडिओने पुरवली. कोणी म्हणालं काकूंना चादरीत बांधून गच्चीवरून खाली सोडू. "मलाही सामानात धरलंत?" काकू म्हणाल्या. पण मामा खरोखरच त्यांच्याकडे वजन जोखल्यासारखा बघायला लागला होता, तेव्हा मी त्याला चिमटा काढला.

घड्याळ पळत होतं. मामा आधी पैलवानावर ओरडला, मग रेडिओवर, मग कठडा बसवणाऱ्यावर, मग माझ्यावर. आवाज बसेपर्यंत ओरडला. काकू मागे पायरीवर बसल्या होत्या, ओठ निळे, आणि हसत होत्या, म्हणजे आम्हाला बरं वाटावं म्हणून. ते बघून माझा तोल गेला. मी दात-ओठ खाऊन म्हणाले, "सांग ना मामा आता तुझ्या वरच्याला. नेहमी आम्हाला सांगतोस ना."

मी टोमणा मारला होता. मामाने तो सल्ला म्हणून घेतला. त्याने कपाटाच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकवले आणि डोळे मिटले. एरवी कामावर असताना तो देवाशी मनातल्या मनात बोलायचा, कारण कामावर चारच शब्द बोलायचे हा नियम त्याचाच. त्या दिवशी पहिल्यांदाच तो मोठ्याने बोलला.

"माझं ओरडून झालं बाबा," तो म्हणाला. "मला काही दिसत नाही. नुसता पत्रा दिसतोय. ही माणसं माझ्या भरवशावर नाहीत, तुझ्या भरवशावर आहेत. मी त्यांना तुझा शब्द दिलाय. आता तू सोड..."

त्याला म्हणायचं होतं ‘सोडव’. पण तिथे त्याचा गळा भरून आला आणि ‘व’ घशातच राहिला.

कपाटाच्या पलीकडे खाली उभ्या असलेल्या दोघांना मामा दिसत नव्हता. सुरुवातीचं पुटपुटणं त्यांना नीट ऐकूही आलं नव्हतं. ऐकू आला तो एकच शब्द, वरच्याच्या आवाजात, स्वच्छ: सोड. का म्हणून विचारायचं नाही. दोघांनी एका झटक्यात खांदे काढून घेतले आणि खालच्या पायऱ्यांवर उड्या टाकल्या.

मी मात्र मामाच्या शेजारी उभी होते. त्याच्या गालावरून पाणी ओघळताना मला दिसत होतं, आणि तो कोणाशी बोलतोय हेही कळत होतं. म्हणून मी पट्टा सोडला नाही. उलट कठड्याच्या खांबाला एक वेढा मारून दोन्ही हातांनी धरला.

धडाम असा आवाज झाला की सगळी इमारत हादरली. खाली कोणाच्या तरी मांडणीवरची भांडी गडगडली. कपाट दोन पायऱ्या खाली सपाट जागेवर आपटलं, त्याचं डोकं तुळईखालून सुटलं, ते खिडकीकडे झुकलं, पट्टा माझ्या हातात करकरला, आणि कपाटाने जरा विचार करून मागे येत कोपऱ्यात अंग टेकलं. दारं आपोआप उघडली आणि आतून एक हँगर पडला. कपाट आणि कठडा यांच्यामध्ये एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी वाट पडली होती.

मामाने डोळे उघडले. आधी त्याने खाली वाकून पाहिलं.

"लागलं का रे कोणाला?"

"नाही," पैलवान पायरीवर बसल्या बसल्या म्हणाला. "पण जरा आधी सांगत जा. एकदम काय सोड म्हणालास?"

"मी तुला नाही म्हणालो."

"मग कोणाला म्हणालास?"

"वरच्याला."

पैलवानाने डोक्यावरचा साबणाचा फेस पुसला. "वरचा तर तूच आहेस ना," तो म्हणाला.

सगळ्यांत आधी काकू हसल्या. भिंतीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग कंडक्टरकाकांना कंठ फुटला, "पुढे सरका, पुढे सरका, जागा झालीये." काकू अंग तिरकं करून त्या वाटेतून पलीकडे गेल्या, पैलवानाने त्यांना फ्रीजसारखं अलगद पाठीवर घेतलं आणि खरोखर शिट्टी वाजवत उरलेला जिना उतरला. रेडिओ कपाटाची राखण करायला थांबला.

काकू माझ्या शेजारी बसल्या. काका मागे, टेम्पोत आधीच भरलेल्या आपल्याच खुर्चीवर. मामा पलंगावर उभा. मोठा रस्ता नेमका खणून ठेवलेला, गाड्यांची ही रांग. मी कपाळाला हात लावला, तेवढ्यात टपावर डाव्या बाजूला थाप पडली. मामाला वरून सगळं दिसत होतं. मी काही न विचारता डावीकडे घातली. मग उजवीकडे थाप, उजवीकडे. एका बोळातून, मग एका लाँड्रीच्या मागच्या अंगणातून, वाळत घातलेल्या चादरींच्या मधून. "या चादरीची शिवण उसवलीये," काकू खिडकीतून बघत म्हणाल्या. पुढे कोंबड्या होत्या, त्या बाजूला झाल्या. मी आयुष्यात कोणाचं इतकं मुकाट्याने ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर घेऊन माणसं तयारच होती. आम्ही तिघं-चौघं धापा टाकत समोर उभे राहिलो, आणि सगळ्यांत वाईट अवस्था मामाची असल्यामुळे त्यांनी त्यालाच आडवं करून आत नेलं. तो आडव्यानेच सांगत होता, "मी नाही, वहिनी. आणि हे चाक तुमचं घासतंय." काकू मागून चालत गेल्या. बाराला थोडा अवकाश होता.

ऑपरेशन संध्याकाळपर्यंत चाललं. झालं म्हणाले, पण किडनी काम करते की नाही हे उद्या कळेल. ते ऐकून सगळ्यांची मस्ती उतरली. बाकावर मी मामाच्या शेजारी बसले. माझ्या तळहातांवर पट्ट्याचे वळ उठले होते, ते तो न्याहाळत होता.

"ते चुकून झालं मामा," मी म्हणाले. "तुझा गळा दाटला म्हणून."

"हो ना. आणि नेमका तिथेच दाटला."

"आणि मीही पट्टा सोडला असता तर?"

"तू कधी माझं ऐकलंयस?" मामा म्हणाला. "त्याला काय माहीत नाही? ऐकणारे दोघं खाली ठेवले आणि न ऐकणारी वर."

मी विचारलं, "मग आता काय म्हणतोय तो? काकूंचं काय?"

मामाने माझ्या तळहातावरच्या वळावरून बोट फिरवलं. "आता काही ऐकू येत नाहीये गं," तो म्हणाला. "पण म्हणून मी खांदा काढणार नाही." त्या क्षणी मला त्याची इतकी माया आली की मी त्याच्या त्या खालच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भांडण तेवढ्यापुरतं थांबवलं.

सकाळी नर्सबाई बाहेर आल्या. आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. त्या म्हणाल्या, "लघवी सुरू झाली."

आम्ही नुसतेच बघत राहिलो. "अहो, नवी किडनी चालायला लागली," त्या म्हणाल्या. "पिशवी भरतेय. छान भरतेय."

कंडक्टरकाका भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडायला लागले. मामाने आधी नर्सबाईंना नमस्कार केला, मग झाडूवाल्याला मिठी मारली, मग समोरून येणाऱ्या एका अनोळखी टाय लावलेल्या गृहस्थांचे दोन्ही हात धरून सांगितलं, "साहेब, लघवी झाली." ते गृहस्थ घाबरून म्हणाले, "अभिनंदन." मामा हात वर करून तिथेच कॉरिडॉरमध्ये गिरकी घेऊन नाचला. एक डोकं दारातून बाहेर येऊन म्हणालं, हे हॉस्पिटल आहे. मग तो एकदम थांबला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ज्यानं दिली त्याच्या घरच्यांनाही बघ रे बाबा."

काचेच्या पलीकडे काकू पडून होत्या. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला आणि अंगठा व तर्जनी ताणून, कापडाचं माप दाखवावं तशी पिशवी किती भरली ते दाखवलं.

मी रेडिओला फोन लावला.

"झाली," मी म्हणाले.

"काय झाली?"

"लघवी. काकूंना लघवी झाली. किडनी चालली."

रेडिओच्या आयुष्यातली ती सगळ्यांत मोठी बातमी होती. त्याने फोन बाजूला धरला आणि कपाटाशेजारी उभं राहून जिन्याच्या पोकळीत गर्जना केली, "लघवी झाली." मग चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत दारं उघडल्याचे आवाज, टाळ्या, कोणीतरी थाळी बडवत होतं, दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा विचारत होते, "किती?" मी फोन स्पीकरवर टाकला आणि काचेला लावला. काकूंना ऐकू जात होतं की नाही कोण जाणे, पण त्यांनी कानामागे हात धरला होता. सगळा आवाज संपेपर्यंत मी तशीच उभी राहिले. आणि मग, मामाचं लक्ष नाही असं बघून, फोन थोडा वर, ट्यूबलाइटच्या दिशेनेही धरला.